नेटवर्क कार्ड कोणी बिघडवले?

आज्ञावलीत चूक असली तर संगणक अडतो, आपण तो बंद करून पुन्हा सुरू करतो आणि काम पुढे चालू होते. आज्ञावलीतल्या चुकीमुळे यंत्राचे कायमचे नुकसान होत नाही, असे आपण सहसा धरून चालतो. २००८ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या समजुतीला धक्का बसला. लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे 'कर्नल'ची, २.६.२७ ही आवृत्ती तेव्हा चाचणीच्या अवस्थेत होती. ती चालवून पाहणाऱ्या काही जणांच्या संगणकांतील नेटवर्क कार्डे एकाएकी निकामी झाली. जुनी आवृत्ती परत घातली तरी ती चालेनात.

ही सर्व कार्डे इंटेल कंपनीची होती आणि बहुतेक मदरबोर्डवरच बसवलेली होती. प्रत्येक उपकरणासाठी कर्नलमध्ये एक 'ड्रायव्हर' असतो. उपकरणाला कोणती आज्ञा कशी द्यायची हे त्यालाच ठाऊक असते. या कार्डांच्या ड्रायव्हरचे नाव 'ई१०००ई'. कार्डाचा ४८ बिटांचा ओळखक्रमांक आणि इतर आवश्यक माहिती एका फ्लॅश स्मृतीत साठवलेली असते. वीज गेली तरी ती पुसली जात नाही. नेमकी हीच माहिती खराब होत होती. तिची नक्कल आधी काढून ठेवली असेल तर ती परत लिहिता येई. नसेल तर ते यंत्रांग कुचकामी ठरे.

संशयाची दिशा

पहिला संशय अर्थातच ई१०००ई ड्रायव्हरवर गेला. कार्डाच्या फ्लॅश स्मृतीपर्यंत जाण्याचा मार्ग त्याच्याच हाती होता. पण ड्रायव्हर तपासून पाहिला तरी नुकसानाचे कारण त्यात सापडेना. काही ठिकाणी कार्ड बिघडण्यापूर्वी पडद्यावरील चित्रे हाताळणारी व्यवस्था कोसळली होती, म्हणून काही काळ तिच्यावरही संशय घेतला गेला.

अशा वेळी कर्नलचे कारागीर एक सोपी गणिती युक्ती वापरतात. दोन आवृत्त्यांमध्ये दहा हजार बदल झाले असतील, तर त्यांच्या मधोमधची स्थिती चालवून पाहायची. दोष दिसला तर तो पहिल्या अर्ध्यात, नाही दिसला तर दुसऱ्या अर्ध्यात. दर वेळी निम्मे बदल बाद होतात. २ चा १४ वा घात १६,३८४ असल्यामुळे चौदा चाचण्या पुरतात. पण येथे ज्या चाचणीत दोष दिसेल, त्या चाचणीत एक कार्ड बळी जाणार होते. शिवाय दोष दर वेळी दिसेलच असे नव्हते. त्यामुळे 'दिसला नाही' याचा अर्थ 'नाही' असा घेता येत नव्हता. ओपनसूसे, मँड्रिवा, उबुंटू अशा लिनक्सच्या वितरकांनी चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांना सावधगिरीचे इशारे दिले.

मूळ कारण हाती लागण्यापूर्वीच इंटेलच्या अभियंत्यांनी एक संरक्षक उपाय केला. या चिपसंचात फ्लॅश स्मृतीला कुलूप घालण्याची सोय होती. ड्रायव्हर सुरू होताच ते कुलूप लावायचे, म्हणजे पुढे कोणीही तेथे लिहू शकणार नाही, अशी दुरुस्ती झाली. ती घेऊन २.६.२७ ही आवृत्ती ९ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली. नुकसान थांबणार होते, पण कुलूप लावावे लागले ते नक्की कोणामुळे, हा प्रश्न तसाच होता.

खरा गुन्हेगार

उत्तर निघाले ते अगदी अनपेक्षित ठिकाणी. 'एफट्रेस' नावाची सोय याच आवृत्तीत कर्नलमध्ये प्रथम आली होती. कर्नलमधील कोणते फलन केव्हा चालते याचा माग काढण्याचे ते साधन. नेटवर्कशी त्याचा काही संबंध नव्हता.

एफट्रेसचे काम असे चाले. प्रत्येक फलनाच्या आरंभी माग काढणाऱ्या फलनाला हाक मारणारी पाच बाइटची एक आज्ञा असे. फलन प्रथम चालले की त्या आज्ञेचा स्मृतीतील पत्ता टिपून ठेवला जाई. मग दर सेकंदाला जागे होणारे एक कार्य टिपलेल्या पत्त्यांवर जाऊन ती आज्ञा खोडे आणि तिच्या जागी 'काही करू नका' अशी निरुपद्रवी आज्ञा भरे. माग काढायचा नसताना कर्नलचा वेग कमी होऊ नये, हा हेतू.

अडचण अशी, की ड्रायव्हरसारख्या भागांतील काही फलने फक्त सुरुवातीला एकदाच लागतात. ती चालून झाली की त्यांची जागा मोकळी करून दुसऱ्या कामाला दिली जाते. पत्ता टिपल्यापासून एफट्रेसचे कार्य जागे होईपर्यंतच्या अवधीत हे घडू शकत होते. ३२ बिटांच्या यंत्रांवर ती मोकळी जागा पत्त्यांच्या ज्या पट्ट्यात असे, त्याच पट्ट्यातून उपकरणांनाही पत्ते दिले जात. उपकरणाला पत्ता देणे म्हणजे काय? त्या पत्त्यावर लिहिले की ते स्मृतीत न जाता थेट उपकरणाकडे पोहोचते. अशा रीतीने एफट्रेसच्या वहीतला जुना पत्ता आता नेटवर्क कार्डाकडे नेत होता. भाडेकरू बदलला, पण गवंड्याच्या हातातली चिठ्ठी जुनीच राहिली.

एफट्रेस आंधळेपणाने लिहीत होता असेही नाही. अपेक्षित आज्ञा तेथे आहे का हे पाहून, असेल तरच बदल करणारी एक प्रोसेसर-आज्ञा तो वापरत होता. पण इंटेल प्रोसेसरची ही आज्ञा तुलना जुळली नाही तरी लिहितेच. वाचलेले जुनेच मूल्य ती परत तेथे ठेवते. साध्या स्मृतीत याने काही बिघडत नाही. वहीतल्या १७ वर पुन्हा १७ गिरवले तर हिशेब बदलत नाही. उपकरणाचे तसे नसते. तेथे लिहिणे हीच एक आज्ञा असते. दारावरच्या घंटेचे बटण दाबले की घंटा वाजणारच, मग दाबणाऱ्याच्या मनात काहीही असो. 'बदल करायचा नाही' असे ठरवूनही एफट्रेस बटण दाबत होता.

दुरुस्ती

१५ ऑक्टोबर २००८ रोजी आलेल्या २.६.२७.१ या आवृत्तीत एफट्रेसचा हा भाग बंद ठेवण्यात आला. पुढे एफट्रेसचे कर्ते स्टीव्हन रोस्टेड्ट यांनी त्याची रचनाच बदलली. पत्ते चालू यंत्रावर टिपण्याऐवजी कर्नल तयार होतानाच त्यांची यादी केली जाऊ लागली, त्यामुळे दर सेकंदाला जागे होणाऱ्या कार्याची गरज उरली नाही. शिवाय आधी वाचायचे, जुळले तरच लिहायचे आणि जुळले नाही तर ताबडतोब सर्व काम थांबवायचे, असा नियम आला. ड्रायव्हरमधले कुलूप मात्र काढले नाही. ते शहाणपणाचेच होते.

वर्गात या घटनेचा उपयोग करता येईल. नुकसान जेथे दिसते तेथेच कारण असते असे नाही, हे विद्यार्थ्यांना सांगून पटत नाही. येथे त्याचे चोख उदाहरण आहे. कार्ड निर्दोष होते आणि ज्याच्यावर पहिला संशय गेला, त्या ड्रायव्हरचाही या नुकसानात हात नव्हता. दुसरी गोष्ट अशी, की रोगावर तात्पुरता इलाज सापडला म्हणून निदानाचा शोध थांबवायचा नसतो. कुलपावर समाधान मानले असते तर ही कार्डे वाचली असती. पण जुन्या पत्त्यावर लिहिणारा हात तसाच मोकळा राहिला असता, आणि पुढच्या वेळी त्याच पत्त्यावर दुसरेच कोणते तरी उपकरण असते.