मोजलेले गाव पुन्हा मोजताना

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी १९१७ साली पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या वेळी खेड्यांविषयी कळकळीने बोलणारे पुष्कळ होते. घरोघर हिंडून खेडे मोजणारे मात्र फार थोडे. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ, चहाच्या संशोधनासाठी हिंदुस्थानात आलेले. पुण्यास येण्यापूर्वी इंग्लंडमधील रिजमाँट या खेड्याची पाहणी त्यांनी केली होती, आणि सीबोम राउन्ट्री यांनी यॉर्क शहरातील दारिद्र्य मोजण्यासाठी वापरलेली रीत तेथे लावून पाहिली होती. कुटुंबाला जगण्यास किमान किती लागते ते आधी ठरवावयाचे आणि मग त्याची मिळकत त्याच्या शेजारी मांडावयाची, अशी ती रीत. तीच पुढे पवनेच्या काठी आली.

मॅन यांनी गावातील १०३ कुटुंबांचे तीन वर्ग पाडले. केवळ जमिनीवर ज्यांचे नीट भागते अशी कुटुंबे निघाली ८. बाहेरच्या मजुरीची जोड मिळाल्यावर ज्यांचे भागते अशी २८. उरलेल्या ६७ कुटुंबांचे दोन्ही मिळूनही भागत नव्हते. गाव पुण्याच्या व खडकीच्या जवळ असल्यामुळे तेथे बाहेरची मजुरी मिळत असे. पुण्याच्या छायेतले गाव घेतल्यामुळे हे चित्र खरे नाही, असा आक्षेप येणारच होता. म्हणून नारायणराव कानिटकर यांच्यासह त्यांनी दूरच्या जातेगाव बुद्रुकची पाहणी केली व ती १९२१ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथली स्थिती अधिकच वाईट दिसली.

परंतु या ग्रंथातील सर्वांच्या तोंडी झालेला भाग निराळाच आहे. जुन्या कागदांवरून मॅन यांनी दाखविले की गावातील धारणेचे सरासरी क्षेत्र १७७१ मध्ये ४० एकर होते, १८१८ मध्ये साडेसतरा, १८२० ते १८४० या काळात १४, आणि १९१४-१५ मध्ये अवघे ७. शेतीच्या तुकडेबंदीविषयी पुढे जी चर्चा झाली तिच्यात हे आकडे वारंवार आले. मुंबई राज्याने तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा केला तो १९४७ साली.

या चार आकड्यांकडे आम्हांस जरा सावधपणे पाहावेसे वाटते. पहिला आकडा महसुलाच्या कामासाठी लिहिलेल्या कागदातला आहे आणि शेवटचा प्रत्यक्ष पाहणीच्या काळातला. मिरासदार आणि उपरी हा भेद पेशवाईत जिवंत होता. तेव्हा ज्याच्या नावे जमीन, तोच ती कसतो असे गृहीत धरता येत नाही. शिवाय सरासरी ही खात्यांची असते, आणि खाते म्हणजे कुटुंब नव्हे. एका घरातील तीन भावांनी चुली वेगळ्या केल्या की कागदावर एकाची तीन कुटुंबे होतात आणि सरासरी तत्काळ घसरते, त्या दिवशी कोणी गरीब झालेला नसला तरी. जमिनीचे तुकडे झाले हे मॅन यांचे म्हणणे खोटे ठरते असे आम्ही म्हणत नाही; पण कोणाचे झाले आणि त्या माणसांचे पुढे काय झाले, हे सरासरीत दिसत नाही.

माप बदलण्याची अडचण तर मूळ यॉर्कमध्येच उभी राहिली. राउन्ट्री यांनी १८९९ नंतर १९३६ आणि १९५० मध्ये ते शहर पुन्हा मोजले. दुसऱ्या खेपेस त्यांना पहिला किमान खर्च फारच कठोर वाटला व त्यांनी अधिक उदार माप घेतले. प्रामाणिकपणा असा की जुन्या मापाने काय दिसते तेही त्यांनी मांडले. नाहीतर तुलनाच बुडाली असती. पिंपळे सौदागरची फेरपाहणी डिस्कळकर यांनी केली व ती १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. आता ते गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आहे आणि जेथे पिके डोलत तेथे उंच इमारती आहेत. तेथे पुन्हा जाणाऱ्याला जागा सापडेल, १०३ कुटुंबे सापडणार नाहीत.

कुटुंबामागून कुटुंबाचा धागा धरून ठेवण्याचे काम उत्तरेत झाले. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यात, चंदौसीजवळ, पालनपूर नावाचे लहानसे गाव आहे. १९५७-५८ मध्ये त्याची प्रथम पाहणी झाली. त्यानंतर १९६२-६३, १९७४-७५, १९८३-८४, १९९३ आणि २००८-१० या सालांत संशोधक तेथे परत गेले. पहिल्या पाहणीत ५२८ माणसे होती. २००८ च्या सुमारास ती साडेबाराशेच्या आसपास झाली. घरांच्या याद्या जपल्यामुळे येथे सरासरीच्या आत डोकावता आले. ठाकुरांची जमीन घटत गेली, भाजीपाला व शेती करणाऱ्या मुरावांची वाढत गेली, हे गावाच्या एकूण आकड्यांवरून कधीच कळले नसते. गाव सोडून गेलेल्यांचा माग ठेवणे मात्र येथेही कठीणच. जे राहिले त्यांचेच वृत्त अधिक भरते.

पालनपूरच्या अभ्यासकांना या सगळ्या वर्षांत एक गोष्ट अधिकाधिक ठळक दिसू लागली. चंदौसी-मुरादाबादकडे कामाला जाणाऱ्या माणसांची मिळकत गावाच्या उत्पन्नवाढीचे मुख्य कारण बनत गेली, आणि ज्यांच्याकडे जमीन नव्हती अशांपैकी काहींना वर येण्याची वाट तिच्यातूनच मिळाली. मॅन यांच्यासमोर हीच वस्तू होती. कुटुंब जमिनीवर जगते की नाही हा त्यांचा प्रश्न होता, त्यामुळे खडकीच्या वाटेने कामाला जाणारा माणूस त्यांना शेती हरल्याची खूण वाटला. एकाच सालाच्या पाहणीत त्याहून निराळे दिसणे शक्यही नव्हते. मधल्या वर्गातली ती २८ कुटुंबे पुढच्या वीस वर्षांत तिसऱ्या वर्गात घसरली की पहिल्यात चढली, हे सांगणारी नोंद कोणी ठेवली असती तर दख्खनच्या खेड्याचा इतिहास आज निराळ्या रीतीने लिहिता आला असता.