बिल्टी कुणाच्या हाती?

तुकईथड स्थानकावरून जाणारा अकोला–खंडवा लोहमार्ग मीटरगेजचा होता. खंडव्याला तो ब्रॉडगेजला मिळे. रूळ बदलले की एका डब्यातला माल उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. तरी पाठवणाऱ्याला घोर नसे, कारण माल डोळ्यांआड गेला तरी बिल्टी, म्हणजे मालाची पावती, त्याच्या हाती असे. संगणकावरच्या खेळांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास याच्या उलट दिशेने गेला आहे. खेळाडूने जिंकलेला आणि विकत घेतलेला माल दूरच्या वखारीत गेला, बिल्टी मात्र त्याला मिळाली नाही. सेव्ह, म्हणजे जतन केलेली प्रगती, हरवते, पैसे मोजलेली वस्तू दिसेनाशी होते, तेव्हा बोल खेळाडूच्या निष्काळजीपणाला लावला जातो. खरा दोष या व्यवस्थेचा आहे.

सुरुवातीला जतन खेळाडूच्याच हाती होते. 1986 साली जपानमध्ये आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये प्रगती वीस अक्षरांच्या परवलीत साठवली जाई. ती वहीत उतरवायची. एक अक्षर चुकले तर पुढचा रस्ता बंद. 'द लेजंड ऑफ झेल्डा'च्या 1987 सालच्या अमेरिकी कार्ट्रिजमध्ये एक चपटा सेल बसवलेला होता. त्याच्या जोरावर स्मृती टिके, आणि खेळ बंद करताना रिसेटचे बटण दाबून धरा, अशी सूचना पडद्यावरच येई. सेल संपला की सगळे पुसले जाई. पुढे 1994 च्या प्लेस्टेशनबरोबर पंधरा कप्प्यांचे मेमरी कार्ड आले. संगणकावर 'व्हाइस सिटी'च्या सेव्ह 'माय डॉक्युमेंट्स'मधल्या फोल्डरमध्ये पडत. पेनड्राइव्हवर त्यांची प्रत काढता येई. यातले प्रत्येक साधन कच्चे होते, पण बिघाड कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत होते.

मग फाइलची जागा खात्याने घेतली. 2003 मध्ये स्टीम हे संगणक-खेळांचे ऑनलाइन व्यासपीठ आले, 2008 मध्ये त्याची क्लाउड साठवण आली, आणि मोबाइलने ही रीत गावोगाव नेली. भारतात तिची कसोटी पब्जीने पाहिली. 2 सप्टेंबर 2020 रोजी सरकारने बंदी घातली, 30 ऑक्टोबरला सर्व्हर थांबले. 2 जुलै 2021 ला पब्जीचा भारतीय अवतार बीजीएमआय आला, तेव्हा जुना माल नव्या गाडीत चढवण्याची सोय झाली. पण जुन्या खात्याच्या लॉगिनवर आणि ठरलेल्या मुदतीतच. तिथे फाइल शोधून उपयोग नव्हता. प्रश्न एकच होता, जुने खाते कशाशी जोडले होते? 'गेस्ट' म्हणून खेळणाऱ्याची ओळख त्या एका हँडसेटपुरती असते. घरात एकच फोन चौघे वापरतात, सिम बदलते, फोन रिसेट होतो. अशा ठिकाणी खेळाडूचे खात्याशी असलेले नाते सर्वांत आधी तुटते.

यावर कुणी म्हणेल, क्लाउडने बुडवले त्याहून अधिक वाचवले. हे खरे आहे. संपलेला सेल आणि फुटलेला फोन आता सगळे गिळत नाहीत. पण वखार पक्की आहे म्हणून पावतीची गरज संपत नाही. दुसरा आक्षेप कायद्याचा: खेळाडू वस्तू नव्हे, परवाना घेतो. पण बटणावर 'खरेदी करा' असे लिहून आत परवाना देणे हा व्यवहार सरळ नाही. 'द क्रू' या खेळाचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले आणि पैसे मोजलेल्यांनाही तो खेळता येईना. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून विक्रेत्यांना हा फरक स्पष्ट सांगायला लावले, ते उगीच नव्हे.

आजही बिल्टीसारखे काही हाती ठेवता येते. गुगल प्लेच्या पावतीवर 'जीपीए'ने सुरू होणारा ऑर्डर क्रमांक असतो. तो हातात असला की पैसे कोणत्या खात्यातून गेले हे सिद्ध करता येते. कायमची घेतलेली वस्तू बहुधा 'रिस्टोअर'ने परत येते. वापरून संपणारी नाणी येत नाहीत, ती खेळाच्या खात्यातच नोंदलेली असतात. म्हणून आधी खाते जुळवावे, मग पावती दाखवावी, आणि जुने ॲप काढून टाकण्याची घाई करू नये. पण एवढ्यावर भागू नये. माल ठेवून घेणाऱ्याने पावती द्यावी आणि वखार बंद करण्याआधी माल सोडवू द्यावा, हा नियम रेल्वेच्या मालधक्क्यावर कुणाला जगावेगळा वाटला नाही. खेळांच्या बाजारातही तो तसाच लागू व्हायला हवा.