यंत्रांमधला रस्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाशिकरोडला १९२८ साली नोटांची छपाई सुरू झाली. तोपर्यंत हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडमध्ये छापून बोटीने येत असत. नाशिकरोडचा छापखाना रेल्वेच्या आसऱ्याने उभा राहिला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कारण नोट छापणे हे अर्धेच काम. ती गाडीत चढून कोषागारात, बँकेत आणि शेवटी माणसाच्या खिशात पोचली, तरच तो पैसा. पोचवण्याची सोय नसेल तर तो नुसता छापील कागद.

आज त्याच नाशिकरोडला चहाच्या टपरीवर चौकोनी कोड चिकटवलेला असतो. गिऱ्हाईक फोन दाखवते आणि दोन-चार सेकंदांत दहा रुपये मिळाल्याची घोषणा होते. ही यूपीआयची पद्धत २०१६ साली सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये तिच्यावरून एका महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. भागाकार करून पाहिला तर सेकंदाला सरासरी साडेसात हजार व्यवहार होतात. नोटा काही संपलेल्या नाहीत, छापखानाही चालूच आहे; पण पैशाला आणखी एक वाहन मिळाले आहे. हे वाहन ज्या रस्त्यावरून धावते, त्या रस्त्याचा इतिहास मला आज सांगायचा आहे.

संगणकाचा इतिहास आपण बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगतो. खोलीएवढा संगणक टेबलावर आला, टेबलावरचा खिशात आला, इत्यादी. ते खरेच आहे. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खरी ओढाताण झाली आहे ती यंत्रांमधल्या रस्त्यांची. हजारो संगणक एका छपराखाली ठेवलेली जी इमारत असते तिला डेटा सेंटर म्हणतात. तिथे आज सर्वाधिक घाईने मागवल्या जाणाऱ्या वस्तूंमध्ये या संगणकांना एकमेकांशी जोडणारी वेगवान उपकरणे आहेत. त्यांचे नाव स्विच.

नाशिककरांना स्विच आणि स्विचगिअर हे शब्द नवे नाहीत. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत एबीबी आणि क्रॉम्प्टन ग्रीव्हज, म्हणजे आताची सीजी पॉवर, यांच्या कारखान्यांत विजेची स्विचगिअर तयार होत आली आहेत. ते काम कित्येक घरांचे पोट भरत आले आहे. विजेचा स्विच प्रवाह चालू किंवा बंद करतो. डेटा सेंटरमधला स्विच मात्र पोस्टातल्या सॉर्टरसारखा असतो. माहितीचे छोटे गठ्ठे येतात, प्रत्येकावर पत्ता असतो, आणि तो पत्ता वाचून स्विच प्रत्येक गठ्ठा नेमक्या तारेवर ढकलतो. हे काम सेकंदाला कोट्यवधी वेळा करायचे असते.

सुरुवातीला स्विच नव्हताच. १९७३ साली अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट ही पद्धत विकसित करायला घेतली. एकच तार, आणि तिच्यावर सगळे संगणक टांगलेले. एक बोलत असताना इतरांनी गप्प बसायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. वाड्यातल्या एकुलत्या एका नळासारखी ही व्यवस्था होती. पाच बिऱ्हाडे असेपर्यंत ठीक, पन्नास झाली की भांडणे. १९८३ साली या पद्धतीचे मानक ठरले तेव्हा तिचा वेग सेकंदाला एक कोटी बिट होता.

या नळावरची भांडणे मिटवली ती कल्पना नावाच्या कंपनीने. कॅलिफोर्नियातली ही कंपनी विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने लॅरी ब्लेअर यांच्यासोबत काढली आणि तिला आपल्या पत्नीचे नाव दिले. १९९० साली तिने पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. आता प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र तोटी मिळाली. दोन संगणक बोलत असताना बाकीच्यांना थांबण्याचे कारण उरले नाही. १९९४ साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. आज जगभरच्या डेटा सेंटरांत जे यंत्र भिंती भरून लावलेले दिसते, त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष एका भारतीय स्त्रीच्या नावाने बाजारात आला होता.

त्यानंतर वेग पायरीपायरीने वाढला. १९९५ साली दहा कोटी बिट, १९९८ साली शंभर कोटी, म्हणजे एक गिगाबिट. २००२ साली दहा गिगाबिट, २०१० साली शंभर, २०१७ च्या डिसेंबरमध्ये चारशे आणि २०२४ साली आठशे गिगाबिट. एक्केचाळीस वर्षांत ऐंशी हजार पट. एवढ्या वेगाची गरज कोणाला पडली, हा प्रश्न कोणीही विचारेल. आपल्या घरी तर शंभर मेगाबिटमध्ये सिनेमा व्यवस्थित दिसतो.

याचे उत्तर बाहेरच्या रहदारीत नाही, आतल्या रहदारीत आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्या काळात एका माणसाने एक पान मागितले की एक संगणक ते पान काढून देत असे. दारातून आत आणि आतून बाहेर, एवढीच ये-जा. पुढे कामे एवढी मोठी झाली की एका संगणकाला ती पेलेनात. मग काम वाटून देणे आले.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच नाशिक विभागात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावात देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. नवा माणूस नोंदवताना त्याच्या बोटांचे ठसे आणि बुबुळांची प्रतिमा आधी नोंदलेल्या सगळ्यांशी ताडून पाहावी लागते, कारण एका माणसाला दोन क्रमांक जाता कामा नयेत. टेंभलीच्या पहिल्या दिवशी हे सोपे होते. नोंदणी कोट्यवधींवर गेल्यावर मात्र एकेक नवी नोंद अनेक संगणकांत वाटून तपासावी लागते. बाहेरून आत आलेली माहिती थोडी. तिच्यामुळे आत उसळलेली देवघेव प्रचंड. चहाच्या दहा रुपयांचेही तसेच. एका व्यवहारामागे दोन बँका आणि मधली यंत्रणा यांच्यात निरोपांची फेरी होते. खात्यातली शिल्लक, फसवणुकीची तपासणी, नोंद आणि त्या नोंदीच्या प्रती, ही सगळी कामे वेगवेगळ्या यंत्रांवर चालतात.

गुगलसारख्या कंपन्यांना ही अडचण इतरांच्या आधी आली. बाजारात मिळणारे सर्वांत मोठे स्विच त्यांना अपुरे पडू लागले. उत्तर सापडले ते जुन्या टेलिफोन एक्स्चेंजच्या शास्त्रात. १९५३ साली बेल प्रयोगशाळेतील चार्ल्स क्लॉस यांनी दाखवून दिले होते, की एक अवाढव्य जोडयंत्र बांधण्याऐवजी छोट्या जोडयंत्रांचे तीन थर लावले, तर कमी खर्चात तेवढेच काम होते. २००८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील अल-फारेस, लुकिसास आणि वहादत यांनी हाच विचार डेटा सेंटरसाठी मांडला: स्वस्त, एकसारखे स्विच मोठ्या संख्येने घ्या आणि कुठूनही कुठेही जायला अनेक वाटा ठेवा.

नाशिककराला हे समजावून सांगावे लागत नाही. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला अरुंद रस्त्यावर गर्दी कोंडली आणि चेंगराचेंगरीत तिसाहून अधिक भाविकांचे प्राण गेले. रामकुंडावर जागा किती, हा प्रश्न तिथे गौण होता. कुंडापर्यंत जाणारी आणि तिथून परतणारी वाट किती मोकळी, हा मुख्य प्रश्न होता. २०१५ च्या सिंहस्थात येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे आखण्यावर भर होता तो त्यामुळेच. माणसांच्या जिवाची बरोबरी माहितीच्या गठ्ठ्यांशी होऊ शकत नाही, हे उघड आहे. पण गर्दीचे गणित दोन्हीकडे एकच आहे. सगळी भिस्त एका रुंद रस्त्यावर ठेवण्यापेक्षा अनेक साधे रस्ते अधिक सुरक्षित असतात.

२०१५ साली गुगलने आपल्या जाळ्याचा तपशील प्रसिद्ध केला. एका लाख संगणकांनी एकाच वेळी, प्रत्येकी दहा गिगाबिटच्या वेगाने बोलावे एवढी त्याची क्षमता होती. स्विचची मागणी खरी वाढली ती या पद्धतीमुळे. वाटा वाढवायच्या म्हणजे प्रत्येक वळणावर स्विच आणि प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना विजेच्या संकेताचा प्रकाश आणि प्रकाशाची पुन्हा वीज करणारा जोड हवा. संगणक दुप्पट झाले की जोडण्याचे सामानही त्या मानाने वाढतेच.

कृत्रिम बुद्धिमत्ता आली आणि या मागणीने उसळी घेतली. मेटा कंपनीने २०२४ च्या मार्चमध्ये जाहीर केलेल्या दोन यंत्रसमूहांत प्रत्येकी २४,५७६ ग्राफिक्स प्रोसेसर होते आणि प्रत्येकाला चारशे गिगाबिटचा रस्ता दिलेला होता. ही चैन नाही. हे हजारो प्रोसेसर एकच गणित वाटून सोडवतात, आणि प्रत्येक टप्प्यानंतर आपापले उत्तर एकमेकांना कळवतात. सगळ्यांची उत्तरे आल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू होत नाही. पंगतीत शेवटचा माणूस जेवल्याशिवाय पंगत उठत नाही, तसेच हे. एका पानावर वाढायला उशीर झाला की शेकडो माणसे हात वाळवत बसतात. इथे हात वाळवत बसणारे यंत्र लाखो रुपयांचे असते आणि बसल्या बसल्या वीजही खाते. म्हणून रस्त्यावर खर्च केलेला पैसा शेवटी यंत्रांचा वाचवलेला वेळ ठरतो. प्रोसेसर बनवणाऱ्या एनव्हिडियाने एप्रिल २०२० मध्ये सुमारे सात अब्ज डॉलर देऊन मेलानॉक्स ही जोडउपकरणे बनवणारी इस्रायली कंपनी घेतली, ती काही हौस म्हणून नव्हे.

आता आपल्या अंगणाकडे येऊ. आपल्या राज्यात डेटा सेंटरांची सर्वांत मोठी दाटी मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात आणि बँकांची मुख्यालयेही तिथेच आहेत. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये पैशांच्या व्यवहारांची माहिती देशातच साठवण्याचा आदेश काढला, तेव्हा या दाटीत भर पडली. परंतु सगळे एकाच शहरात ठेवणे शहाणपणाचे नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हा धडा अजून ताजा आहे. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवतात. नाशिकमध्ये पीयूष सोमाणी यांनी २००५ साली स्थापन केलेल्या ईएसडीएस या कंपनीचे डेटा सेंटर सातपूरला आहे.

इथेही रस्त्याचाच हिशेब आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई-नाशिक अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. निरोप जाऊन पोच परत यायला सेकंदाचा पाचशेवा भाग लागतो. आपल्याला तो क्षण जाणवणारही नाही. परंतु प्रत्येक नोंदीला पोच येईपर्यंत थांबायचे ठरवले तर हजारो व्यवहारांची रांग लागते. म्हणून बँका एक प्रत जवळ ठेवतात, ती क्षणाक्षणाला जुळवतात, आणि दुसरी दूर ठेवतात, जी किंचित मागून येते. प्रकाशाचा वेग कितीही पैसे देऊन वाढवता येत नाही. विकत घेता येते ती रस्त्याची रुंदी आणि वाटांची संख्या.

या व्यवसायात आपला वाटा किती, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ऑप्टिकल फायबर औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९९० च्या दशकापासून तयार होतो. ही अभिमानाची गोष्ट आहे. डेटा सेंटरला लागणारी विजेची स्विचगिअर बनवण्याचे कसब नाशिककडे आहे. पण माहितीच्या स्विचचे हृदय असलेली चिप आपल्याकडे बनत नाही. २०२५ च्या जूनमध्ये ब्रॉडकॉमने आणलेली चिप सेकंदाला १०२.४ टेराबिट, म्हणजे एक लाख गिगाबिटहून अधिक माहिती फिरवते. अशा चिपांच्या आरेखनात भारतीय अभियंते असतात. त्या घडतात तैवानमध्ये. ते अंतर एका भाषणाने कमी होणार नाही.

पण एक गोष्ट आपल्या हातात आहे. दोन केबल घेतल्या म्हणजे दोन रस्ते झाले, असे नसते. दोन्ही एकाच चरातून, एकाच घाटातून, एकाच पुलावरून गेल्या असतील, तर रस्ता रुंदीकरणाच्या एका जेसीबीने दोन्ही तुटतात. कागदावर दोन, जमिनीत एक. एक केबल कसारा घाटातून मुंबईला जाते, तर दुसरी सिन्नर-संगमनेरवरून पुण्याकडे गेली पाहिजे. हे ठरवायला तैवानची चिप लागत नाही. नकाशा, नगरपालिका आणि खोदाईची परवानगी देणारा अधिकारी जागा असावा लागतो.

तेव्हा आपल्या गावात नवे डेटा सेंटर येत असल्याची बातमी वाचाल, तेव्हा किती कोटींची गुंतवणूक आणि किती यंत्रे, हे जरूर वाचा. पण आणखी एक प्रश्न विचारा: तिथून बाहेर पडायला खरोखर वेगळ्या अशा वाटा किती? आपल्या पतपेढीतली शिल्लक, आपला सातबारा, दवाखान्यातला अहवाल आज या वाटांवरून येतो-जातो. त्या तुटल्या तर आतली यंत्रे शाबूत असूनही आपल्या उपयोगाची नाहीत.