शिकार आणि मांसाची स्थिरवस्तुचित्रे

शिकार केलेले पशुपक्षी आणि कापलेले मांस हाच मुख्य विषय असलेली तैलचित्रे. त्यांचा एक आरंभीचा नमुना व्हेनिसच्या याकोपो दे बार्बारीचा आहे. 1504 च्या त्याच्या लहानशा लाकडी फलकावर एक तितर, लोखंडी हातमोजे आणि बाण भिंतीला टांगलेले दिसतात (म्यूनिक). पीटर आर्टसनच्या 1551 च्या मांसाच्या दुकानात (उप्साला) मुंडी, पाय आणि सॉसेजेस यांनी सगळी पुढची बाजू व्यापली आहे. भिकाऱ्याला भाकरी देणारी येशूची आई मेरी मागे, अगदी लहान दिसते. या रचनेच्या अर्थाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत.

हा प्रकार बहरला तो 17 व्या शतकातल्या अँटवर्पमध्ये. फ्रान्स स्नायडर्स (1579–1657) यात इतका वाकबगार होता की रूबेन्सने आपल्या ‘प्रोमिथिअस’मधला गरुड त्याच्याकडून रंगवून घेतला आणि 1618 च्या एका पत्रात तसे नमूदही केले. यान फेइट हा स्नायडर्सचा शिष्य. हॉलंडमध्ये यान वेनिक्सचे ससे नावाजले गेले. शिकारीचा हक्क मोजक्यांनाच असल्याने दिवाणखान्यातला रंगवलेला ससा प्रतिष्ठेची खूण ठरे, असे एक मत आहे.

तैलरंग सावकाश वाळतो, म्हणून ही चित्रे शक्य झाली. ओल्यात ओला रंग ओढून सशाच्या पोटाची लव साधते. वाळलेल्या थरावर पारदर्शक थर चढवला की बदकाच्या मानेवर झळाळी येते.

रेम्ब्रांटचा ‘सोललेला बैल’ (1655) या सर्वांत थोर. जेमतेम मीटरभर उंच फलकावर मुंडके नसलेले धूड तंगड्या फाकून लाकडी चौकटीला टांगले आहे. तपकिरी अंधारातून चरबीचा पिवळट पांढरा रंग जाड थरांनी उठून येतो. जवळून ते नुसते फटकारे वाटतात, दोन पावले मागे सरकले की मांस दिसते. मागून एक बाई डोकावते; तिच्यामुळे त्या धुडाचा आकार कळतो. लूव्रने हे चित्र 1857 मध्ये घेतले. ग्लासगोतले तसेच चित्र आता रेम्ब्रांटच्या वर्तुळातल्या कोणाचे तरी मानले जाते.

स्पेनमध्ये गोयानेही मेंढीची मुंडी आणि बरगड्या यांचे असे चित्र रंगवले (लूव्र).

लूव्रमधला रेम्ब्रांटचा बैल डोळ्यांत साठवून शाइम सूतीनने 1925 च्या सुमारास पॅरिसच्या स्टुडिओत खरेच धूड टांगले. रंग उतरू लागला की तो त्यावर रक्त ओतत असे. दुर्गंधीमुळे शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि आरोग्य अधिकारी आले, असे सांगतात. त्या मालिकेतली चित्रे ग्रनोब्ल, ॲम्स्टरडॅम, बफलो आणि मिनियापोलिस इथल्या संग्रहालयांत आहेत.