वाचल्यानंतरचा इतिहास

बारा वर्षांपूर्वी माझ्या यकृताचा तुकडा काढून धाकट्या भावाला बसवला. दारूच्या थेंबालाही न शिवलेल्या त्या माणसाचं यकृत साठलेल्या चरबीने गेलं होतं. शस्त्रक्रिया उत्तम झाली. पण दीड वर्षाने त्याच्या रक्तात साखर वाढली, मग रक्तदाब आला, आणि गेल्या वर्षीपासून क्रिएटिनिन चढतं आहे. "ताई, यकृत झकास चाललंय म्हणतात. मग बाकीचं का बिघडतंय?" तो विचारतो. मला मात्र वेगळाच प्रश्न छळत होता: माझ्याच देण्यात काही उणं होतं का? उत्तर शोधताना मी प्रत्यारोपणाच्या इतिहासात शिरले, आणि तो आपल्याला अर्धाच सांगितला जातो हे लक्षात आलं.

सांगितला जातो तो अर्धा भाग शस्त्रक्रियेचा. १ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतल्या डेन्व्हर येथे थॉमस स्टार्झल यांनी माणसावरचं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं. तीन वर्षांचं ते मूल रक्तस्रावाने शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेलं. पहिलं यश १९६७ मध्ये आलं. तरीही डेन्व्हरच्या पहिल्या १७० रुग्णांपैकी वर्ष ओलांडलं ते ५६ जणांनी. शरीराने परकं यकृत नाकारू नये म्हणून हाताशी होती मुख्यतः अझाथायोप्रिन आणि स्टिरॉइड. स्टिरॉइडने साखर वाढते हे तेव्हाही ठाऊक होतं. पण जिथे वर्ष निघेल की नाही याची भ्रांत, तिथे दहा वर्षांनंतरच्या मधुमेहाची काळजी कोण करणार?

चित्र पालटलं ते मातीमुळे. नॉर्वेतल्या हार्डांगरविड्डा पठाराच्या मातीत सापडलेल्या बुरशीतून स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीने सायक्लोस्पोरिन मिळवलं. १९७८ मध्ये केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी ते प्रत्यारोपणाच्या रुग्णांना दिलं. १९८३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी तिथल्या तज्ज्ञांच्या परिषदेने यकृत प्रत्यारोपण हा आता निव्वळ प्रयोग राहिलेला नाही, असा निर्वाळा दिला. पुढच्या वर्षी जपानमधल्या त्सुकुबा परिसरातील मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस हाती आलं. भाऊ रोज घेतो ते औषध हेच.

न सांगितलेला अर्धा भाग इथून सुरू होतो. ही दोन्ही औषधं कॅल्सिन्युरिन नावाचं विकर रोखतात, त्यामुळे हल्ला करणाऱ्या टी-पेशी शांत राहतात. पण हे विकर स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींनाही लागतं. टॅक्रोलिमसने त्यांचं काम मंदावतं. स्टिरॉइड चालू असेल तर आहे त्या इन्शुलिनचा प्रभावही घटतो. सायक्लोस्पोरिनचा कल रक्तदाब आणि रक्तातली चरबी वाढवण्याकडे अधिक. मूत्रपिंडाला रक्त नेणाऱ्या बारीक रोहिण्या दोन्हींमुळे आकसतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मूत्रपिंडाखेरीज इतर अवयव मिळालेले सुमारे ६९ हजार रुग्ण होते. त्यांतल्या यकृतवाल्यांपैकी सुमारे १८ टक्के जणांची मूत्रपिंडं पाच वर्षांत कायमची दुबळी झाली होती.

त्यात भर भुकेची. वर्षानुवर्षं अन्नावरची वासना गेलेला माणूस बरा झाला की जेवू लागतो, वजन वाढतं, घरच्यांना आनंद होतो. मीच त्याला आग्रहाने वाढत होते. शिवाय त्याचा मूळ आजार यकृतापुरता नव्हताच, तो साऱ्या चयापचयाचा होता. दारूशिवाय होणाऱ्या या यकृतदाहाला १९८० मध्ये मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी नाव दिलं. यकृत बदललं तरी शरीराची ती प्रवृत्ती बदलत नाही. नव्या यकृतातही चरबी साठू शकते.

भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा, आणि यकृताची पहिली यशस्वी प्रत्यारोपणं १९९८ मधली. म्हणजे दहा-वीस वर्षं जगलेल्या रुग्णांची पिढी आपल्याकडे अलीकडची. त्यांच्यासाठी शस्त्रक्रियेइतकंच महत्त्व साखर, रक्तदाब, वजन आणि क्रिएटिनिनच्या नियमित तपासणीला आहे. औषधाची मात्रा कमी करता येते, पण ती डॉक्टरांनीच. मनाने गोळी बंद करणं म्हणजे यकृत गमावणं.

हे सगळं भावाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तुझं यकृत निर्दोष सुटलं तर!" आम्ही दोघंही हसलो. आता संध्याकाळी तो पाऊण तास चालतो. मी सोबत असते, आणि ताटात आग्रह करणं सोडलं आहे.