मुलं पुढे, कायदा मागे
१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमानं आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे मुलं सायबर कॅफेत तासावर पैसे मोजून बसू लागली. २००४ साली ऑर्कुट आलं आणि अनोळखी माणसंही ‘मित्र’ झाली. बालकांच्या ऑनलाइन लैंगिक शोषणाविरुद्धचं ‘६७ ब’ हे कलम मात्र माहिती तंत्रज्ञान कायद्यात लागू झालं ते २००९ मध्ये. म्हणजे मधली वर्षं मुलांनी आपापली निभावली!

मुलांना मी पासवर्ड जपायला शिकवतोच. पालकांना मात्र एकच विनवतो : मूल घाबरत काही सांगायला आलं, तर आधी मोबाइल हिसकावू नका. नाहीतर पुढच्या वेळी ते सांगणारच नाही. ऐकून घ्या, आलेले संदेश पुसू नका आणि १०९८ फिरवा.