फुलरीनचा शोध आणि ज्ञानभाषेचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय असलेल्या नागपूरला कार्बन अपरिचित नाही. हिरा व ग्रॅफाइट ही त्याची अपरूपे पाठ्यपुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहेत. प्रस्तुत लेखात फुलरीन या तिसऱ्या अपरूपाच्या शोधाचा इतिहास भाषेच्या अंगाने तपासला आहे.

रचना व गुणधर्म :
सी-६० या रेणूत ६० कार्बन अणू फुटबॉलच्या आकारात जोडलेले असतात. त्यात १२ पंचकोन व २० षट्कोन असून प्रत्येक अणू तीन अणूंशी बद्ध असतो. हा रेणू टोल्युइनमध्ये विरघळून जांभळे द्रावण देतो व इलेक्ट्रॉन सहज स्वीकारतो. म्हणूनच त्याची साधिते सेंद्रिय सौरघटांत वापरली गेली. पोटॅशियमयुक्त सी-६० सुमारे १८ केल्विनला अतिसंवाहक होते, हे १९९१ साली दिसून आले.

शोधाचा इतिहास :
१९८५ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल व स्मॉली यांना ग्रॅफाइटवर लेझर झोत टाकताना हा रेणू आढळला. वास्तुविशारद बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांवरून त्याचे नामकरण झाले. १९९० साली क्रेचमर व हफमन यांनी तो पुरेशा प्रमाणात तयार केला आणि १९९६ चे नोबेल पारितोषिक पहिल्या तिघांना मिळाले.

परंतु या रेणूची कल्पना एजी ओसावा यांनी १९७० सालीच जपानी भाषेत मांडली होती. १९७३ साली बोचवार व गाल्पर्न यांनी रशियन भाषेत त्याच्या स्थैर्याचे गणित प्रसिद्ध केले. ही दोन्ही कार्ये राइसच्या संशोधकांपर्यंत पोहोचली नव्हती.

महाराष्ट्रातील उदाहरण :
मुंबईच्या आयआयटीतील महेश्वर शेरॉन व सहकाऱ्यांनी कापरापासून फुलरीन मिळवले. देवघरातील या परिचित पदार्थावरील त्यांचा शोधनिबंध १९९४ साली 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये इंग्रजीत आला व जगाने त्याची नोंद घेतली. मात्र ज्या समाजाच्या आरतीत कापूर रोज जळतो, त्याच्या भाषेत ही माहिती क्वचितच आढळते.

निष्कर्ष :
ओसावांचे ज्ञान स्वभाषेत राहिले व जगापर्यंत गेले नाही. कापराचे ज्ञान जगापर्यंत गेले, पण स्वभाषेत पुरेसे उतरले नाही. दोन्ही प्रकारांत हानी ज्ञानाचीच होते. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून ही दरी बुजवण्यासाठी कार्य करीत आहे. तथापि, संशोधन इंग्रजीत प्रसिद्ध करतानाच त्याचे सार मराठीत मांडणे, ही महाविद्यालयीन प्राध्यापकांचीही जबाबदारी ठरते.